तोरणमाळचा घाट आणि आप्पांनी धुतलेली गाडी

आमच्या गाडीत कोणताही बिघाड नाही, असं म्हसावदच्या युसूफ मिस्तरींनी काल फोनवर पुन्हा सांगितलं. हेच वाक्य मी गेल्या वर्षभरात नाशिकच्या तीन गॅरेजांत ऐकलं होतं. फरक एवढाच, की या वेळी माझा त्यावर विश्वास बसला. तो कसा बसला, त्यासाठी ही पोस्ट. तोरणमाळला जायचा विचार असेल तर रस्त्याची माहितीही यात मिळेल, फक्त ती गाडीच्या मागेमागे येईल.

गाडी पांढरी सेडान, नऊ वर्षांची. नाशकात शहाण्यासारखी चालते. सासुरवाडीला, म्हणजे नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याला जातानाही कुरकुर नाही. परतताना मात्र विसरवाडी मागे पडून कोंडाईबारीचा घाट चढू लागलो, की तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघतो. मागच्या होळीला हेच झालं, दिवाळीलाही हेच. मधे मे महिन्यात, खानदेश तव्यासारखा तापलेला असताना, आम्ही एसी लावून हाच घाट गाणी म्हणत चढलो आणि काटा जागचा हलला नाही.

थर्मोस्टॅट बदलला, पंख्याची मोटर बदलली. होळीनंतर रेडिएटर नवा बसवला, दिवाळीनंतर तो काढून वॉटर पंप बदलला. दोन्ही बिलांच्या तळाशी एक किरकोळ ओळ होती, ‘कचरा साफसफाई’. त्या ओळीवरून मी दोन्ही वेळा हुज्जत घातली. ती ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

माझी बायको सुनंदा हिचं निदान वेगळं होतं. “तिला माहेर सोडवत नाही,” ती म्हणायची. गाडी विकायची म्हटलं की ती विषय बदलायची. शेवटी आमच्यात करार झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस धानोऱ्याला जायचं, तिथून सुनंदाच्या वडिलांना घेऊन तोरणमाळ. तोरणमाळचा घाट गाडी न तापता चढली तर ती राहील. तापली तर आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांना सोमवारी रात्री ‘घेऊन जा’ म्हणायचं. ते चावीसाठी रिकामा खिळाही ठोकून बसले होते.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. सटाणा, पिंपळनेर, दहिवेल हा रस्ता ठीक आहे. दोन गावांमधे खड्डे आहेत, पण गाडीला राग येण्यासारखे नाहीत. कोंडाईबारी उतरून विसरवाडीला चहा घेतला. महामार्गावरचं हे गाव ट्रक आणि एसट्यांच्या थांब्यावर जगतं आणि भजी त्यामुळे कायम गरम असतात. चहावाल्याने आम्हाला नाही, गाडीला ओळखलं.

“पानीना कॅन भरी ठेऊ का, भाऊ?” त्याने विचारलं. “परत येशात तव्हय लागी.”

सुनंदाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने एक प्लेट भजी फुकट दिली.

धानोऱ्याला आप्पा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर वाट बघत होते. वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरी बंडी. मला ‘पाव्हना’ म्हणतात आणि गाडीच्या बॉनेटवर म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवतात. शनिवारी दुपारी जेवण झालं: कळण्याची भाकरी, भरीत, वर डुबूकवड्यांचा रस्सा. खानदेशी जेवणानंतर जो जागा राहतो तो नीट जेवलेला नसतो. मी आडवा होत असताना आप्पा नेहमीप्रमाणे म्हणाले, “पाव्हना, तुम्ही पडा. मी गाडी वावरमा लई जास, मोटारना पानीवर धुई लयस.”

हे ते दर खेपेला करतात. जावयाची गाडी स्वतः शेतावर नेऊन विहिरीच्या पाण्याने धुणारे सासरे किती जणांना लाभतात? संध्याकाळी गाडी परत आली ती आरशासारखी. आप्पाही ताजेतवाने दिसत होते. मी मनापासून आभार मानले. त्यांनी ते जरा घाईने स्वीकारले.

रविवारी सकाळी नंदुरबार गाठलं. शहराबाहेर पथारींवर मैलभर लाल मिरची वाळत घातलेली असते. काचा वर करून घ्या, नाहीतर फोटोत तुमचे डोळेही लालच येतील. मग प्रकाशा. पुलावरून तापीचं रुंद पात्र बघण्यासारखं आहे. तिथे पेरू घेतले आणि पेरू खातानाच मी आप्पांना करार सांगितला.

आप्पांचा पेरू तोंडापाशीच थांबला. “इकशात? हाई गाडी?”

“घाटात तापली तर.”

“मंग नका जाऊत घाटमा,” आप्पा म्हणाले. “आठेच बसूत. नदी चांगली शे.”

पुढे शहादा येईपर्यंत उरलेला पेरू त्यांच्या हातातच राहिला. सुनंदाला वाटलं पेरू बाधला.

शहाद्यात पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. म्हसावद, मग राणीपूर, आणि तिथून सातपुडा सुरू होतो. रस्ता अरुंद पण डांबरी. ऊन चढलं होतं, एसी सुरू होता, मी काट्याकडे बघत होतो, सुनंदा माझ्याकडे आणि आप्पा खिडकीबाहेर. चौथ्या वळणावर काटा हलला. सहाव्यावर लाल रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेतली. बॉनेटखालून वाफ आली. कराराचा निकाल लागला होता.

वरून एक जीप उतरत आली. तिच्या चालकाने, दिलीपभाऊने, न विचारता ब्रेक दाबला. “झाकण खोलू नका, तोंडावर येईल,” एवढं सांगून त्याने म्हसावदच्या युसूफ मिस्तरींना फोन लावला. डोंगरात दोन कोपरे सोडून कुठेच रेंज नाही आणि आमची गाडी त्यातल्या एका कोपऱ्यात बंद पडली होती. तिचा हा गुण नोंदवून ठेवतो.

पाऊण तासाने मिस्तरी मोटरसायकलवर आले. डोक्याला रुमाल, पिशवीत पाने आणि दात घासायचा एक जुना ब्रश. मी माझी सगळी बिलं मोबाईलवर दाखवू लागलो.

“साहेब, बिलं राहू द्या. मी गाडी बघतो,” ते म्हणाले.

पंखा फिरत होता, पाणी कुठे गळत नव्हतं. मिस्तरींनी पुढच्या जाळीतून टॉर्च मारला. एसीची जाळी धुऊन स्वच्छ. मग त्यांनी वरचे दोन बोल्ट सोडले, रेडिएटर बोटभर मागे झुकवला आणि दोन जाळ्यांमधल्या फटीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात तपकिरी, ओलसर असं काहीतरी होतं. गादीतून ओढून काढल्यासारखं.

“हा तर भुसा आहे,” मिस्तरी म्हणाले. “गाडी काय गोठ्यात बांधता का, साहेब?”

मी ‘कचरा साफसफाई’ आठवत उभा राहिलो. तेवढ्यात आप्पा गाडीतून उतरले. त्यांनी चिमूटभर भुसा घेतला, तळहातावर चोळला, फुंकर मारली. आपल्या शेतातली वस्तू परक्या गावात सापडली की माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं.

“हाऊ तं आपला हरबरा शे,” ते म्हणाले. “गावठी. दख ना, घाटा बारीक शेतस.” घाटा म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा.

“आप्पा,” सुनंदा म्हणाली, “आपला हरबरा गाडीना पोटमा कसा गया?”

मग सगळं बाहेर आलं. घरी खाण्यापुरत्या हरभऱ्याला थ्रेशरवाला येत नाही. ट्रॅक्टर फिरवला तर दाणा फुटतो. म्हणून आप्पा खळ्यात हरभरा पातळ पसरून त्यावर आमची सेडान गोल गोल फिरवत होते. मागच्या होळीला हरभरा, दिवाळीला उडीद, काल पुन्हा हरभरा. मे महिन्यात खळं रिकामं असतं, म्हणून तेव्हा काही झालं नाही.

“पह्यला गेरमा, धीरे धीरे,” आप्पा मला म्हणाले. “एक दाना फुटना नही, पाव्हना. आन मंग चांगली धुई बी काढी.”

“एसी लावला होता का, आप्पा?” मिस्तरींनी विचारलं.

“मंग! ऊन कितलं व्हतं!”

मिस्तरी रस्त्यावरच बसले. हसू आवरल्यावर त्यांनी मला समजावलं. एसी लावला की पुढचा पंखा हवा जोरात ओढतो, हवेबरोबर भुसा आत येतो, वरून पाणी मारलं की त्याची गादी बनते. सपाटीवर गाडी निभावून नेते, घाटात तिचा श्वास कोंडतो.

आप्पांना ते हसू ऐकूच आलं नसावं. जन्मभर बैलांमागे खळ्यात उन्हात फिरलेला माणूस. गार हवेत बसून मळणी करायची चैन त्यांना तीनदाच मिळाली होती. “तिना दोष नही शे,” ते हळूच म्हणाले. “मन्हा शे. तिले इकू नका.”

करारात या कलमाची सोय नव्हती. सुनंदा म्हणाली की मळणीयंत्राची परीक्षा घाटात घेणं मुळातच अन्याय आहे. मी म्हटलं, आधी वर तर पोचू.

ब्रश आणि दोन बाटल्या पाणी घेऊन मिस्तरींनी तासाभरात फट साफ केली. भुसा एक पिशवी निघाला. आप्पांनी पिशवी मागून घेतली, गुरांना होईल म्हणाले. “आता एसी लावूनच चढा,” मिस्तरींनी बजावलं आणि स्वतः मोटरसायकलवर मागे आले. सात पायरीचा घाट म्हणजे एकावर एक रचलेली वळणं. सगळी चढून गेलो. काटा मधोमध. शेवटच्या वळणावर मिस्तरींनी हात हलवला, हॉर्न दिला आणि ते परत फिरले. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी नेहमीची सांगितली, वर पायलीभर हरभरा, “तोच, गाडीखालचा.”

तोरणमाळला एक मुक्काम तरी करा. यशवंत तलावाकाठी संध्याकाळी स्वेटर लागतो. खोली आधी सांगून ठेवा. जेवण साधं, मक्याची भाकरी आणि झणझणीत डाळ, पोटभर आणि खिशाला परवडणारं. सीताखाईला धबधबा पावसाळ्यात असतो, पण कोरड्या दरीतही बघत बसण्यासारखं पुष्कळ आहे. आप्पा तरुणपणी महाशिवरात्रीला इथे पायी आले होते. या वेळी ते दरीपेक्षा जास्त वेळ गाडीपाशीच होते.

सोमवारी आप्पांना धानोऱ्याला सोडलं. या वेळी त्यांनी गाडी धुवायचं नाव काढलं नाही. विसरवाडीच्या चहावाल्याने पाण्याचा कॅन तयार ठेवला होता. सुनंदाने त्याला तो त्याच्याच झाडांना घालायला लावला. कोंडाईबारी एसी लावून चढलो आणि नाशकात पोचल्याबरोबर मी सोसायटीतल्या गृहस्थांना नाही म्हणून टाकलं. कारण विचारलं तर म्हटलं, गाडी शेतीकामाला लागते. त्यांना ती थट्टा वाटली.

काल मिस्तरींना हे सगळं कळवलं तेव्हा त्यांनी ‘बिघाड नाही’ हे सांगितलंच, शिवाय पुढे बसवायची बारीक जाळी तयार असल्याचंही कळवलं. आप्पांचाही निरोप आहे: अर्धा हरभरा अजून खळ्यात पडून आहे, घाई नाही. पुढच्या शनिवारी आम्ही धानोऱ्याला निघतोय. आधी जाळी बसेल, मग मळणी होईल. फेऱ्या मी मारायच्या आणि आप्पांनी शेजारी बसून रस्ता दाखवायचा, असं ठरलंय. मिस्तरींची ताकीद एकच आहे, मळणी करताना एसी बंद. सुनंदाने आप्पांना तो चालू राहील असं परस्पर कबूल करून टाकलंय.