दोब्रिलाच्या टाक्यातली वाम

बार्तुलने आयुष्यभर पाणी वाहिले. समुद्राच्या तळातून नळ येण्यापूर्वी बेटांना पाणी पुरवणारी एक बोट होती. तिच्यावर तो आधी खलाशी होता, मग यंत्रचालक झाला आणि अखेरीस कप्तान. आमच्या सुहा लुका गावात वडीलधाऱ्या पुरुषाला 'बार्बा' म्हणतात आणि हा मान वयाने मिळतो. बार्तुलला तो तिशीतच मिळाला. ज्याच्या हातात पाण्याची नळी आहे त्याला नुसत्या नावाने हाक मारण्याचे धाडस कोण करणार?

नळ आला त्या दिवशी धक्क्यावर बँड वाजला. पहिला पेला बार्तुलच्या हातात देण्यात आला. त्याने तो एका दमात संपवला आणि जाहीर केले, "आता टाक्यांत कांदे भरून ठेवा!" त्याची बोट त्याच वर्षी भंगारात गेली. आमच्या गावाने कप्तानाचा सल्ला मानला, इतकेच नव्हे तर सुधारूनही घेतला. प्रत्येक घराच्या पोटात खडकात खोदलेले, पावसाचे पाणी साठवणारे एक टाके होते. त्यांत कांदे फार दिवस राहिले नाहीत. कांद्यांपेक्षा प्रवाशांना भाव चांगला होता.

नळाच्याही आधी, नदीमुखाकडच्या दलदलीच्या मुलखातली मांदा बार्तुलशी लग्न होऊन आली, तेव्हा आंदण म्हणून तिने पाण्याने भरलेली एक बादली आणली होती. बादलीत बोटभर जाडीची वाम होती. प्रत्येक टाक्यात एक वाम असे. ती किडे, अळ्या खाऊन पाणी स्वच्छ ठेवी, आणि तिला कोणी नाव देत नसे, कोणी खातही नसे. पण आमच्याकडे वाम बाजारातून यायची. बार्तुलच्या आईने बादलीत डोकावून म्हटले होते, "दुसऱ्यांच्या सुना ताग्याने कापड आणतात. हिनं कामवाली आणली!" कामवाली टाक्यात उतरली आणि सासूपेक्षा, पुढे मांदापेक्षाही, जास्त जगली.

मांदा गेल्यानंतरच्या वसंतात बार्तुलने टाके उपसले, शेवाळ खरवडले, भिंतीत एक खिडकी पाडली आणि आत पलंग टाकला. 'नैसर्गिक गारव्याची अस्सल दगडी खोली' अशी तिची जाहिरात होती आणि तिच्यातला प्रत्येक शब्द खरा होता. वाम त्याने कुंपणापलीकडे दोब्रिलाच्या टाक्यात सोडली, चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांची सहा वर्षे झाली. आमच्या गल्लीत पाण्याने भरलेले तेवढे एकच टाके उरले होते, आणि तेही दोब्रिलाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, आळसामुळे. हे तिचेच म्हणणे आहे.

रोज सकाळी बार्तुल खिशात माशाचे डोके घेऊन तिच्या अंगणात हजर होई.

"बायको गेलेले लोक कबरस्तानात जातात," दोब्रिला कपडे वाळत घालता घालता म्हणे, "हा माझ्या दारात येतो. आणि वर मासळीचा वास."

"तुला भेटायला येत नाही मी."

"ते ठाऊक आहे. माझ्यासाठी कधी माशाचं डोकंसुद्धा आणलं नाहीस."

सलग काही कोरड्या उन्हाळ्यांनंतर नळाची धार दोऱ्याएवढी झाली, आणि नगरपालिकेने हवामानाचा आराखडा केला. छपरांना पुन्हा चुना लावायचा, पन्हळी दुरुस्त करायच्या, टाकी पावसाने भरायची. बागा आणि संडास त्या पाण्यावर चालवायचे. नागरिकांना याविषयी काय वाटते हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मी राजधानीच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. लोकांना काय वाटते हे लोकांनाच विचारून कळते, असे मी तिथे तीन पिढ्यांना सांगितले होते.

कळले ते असे. सगळे बाजूने होते. बेकरीवाला बाजूने होता, कारण त्याच्याकडे टाके नव्हते. खानावळवाली बाजूने होती, "पण पहिल्यांदा वरच्या आळीनं भरावीत. पाणी वरून खाली येतं ना, बाई?" असे तिने मला समजावून सांगितले. दोन होड्या भाड्याने देणारा गृहस्थ तर इतका बाजूने होता की त्याने समुद्राची पातळी, कार्बन आणि आपल्या मेव्हण्याचा पोहण्याचा तलाव या तिन्ही विषयांवर मला दुपारभर बसवून घेतले. त्याच्या स्वतःच्या टाक्यात होड्यांची वल्ही होती. मीही अर्थात बाजूने होते. माझ्या टाक्यात सामायिक संपत्तीच्या ऱ्हासावरचा माझा ग्रंथसंग्रह आहे. तो तिथे अगदी कोरडा राहतो.

ज्या संमतीची किंमत दुसऱ्याने द्यायची असते ती मिळवायला सर्वेक्षण लागत नाही. हे वाक्य मी अहवालात घातले नाही. अहवालात 'उत्साहवर्धक' हा शब्द होता.

मग जुन्या मासळी-कारखान्याच्या दालनात सभा झाली. बार्तुलचे भाषण सर्वांत प्रभावी झाले. कोरड्या बंदरात बोट लागली की हंडे घेऊन येणाऱ्या बायकांचे त्याने असे वर्णन केले की नगराध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "आजोबांनी खडक फोडून टाकी खोदली," तो म्हणाला, "आपण नातवंडांना काय देणार? रिकामं भोक?"

टाळ्या थांबायच्या आत दोब्रिला उठली. "बार्तुल, काल तुझ्या टाक्यात चेक नवरा-बायको उशीवरून भांडत होते. पावसाचं पाणी कधीपासून चेक बोलायला लागलं?"

दालन हसून हसून कोसळले. बार्तुलही हसला. "अगं, मी स्वतःला गाढव म्हटलं नाही, कारण सभेत गाढवाचा अपमान करू नये."

"हसून घे. आता ऐक." तिचा आवाज बदलला. "माझा पुतण्या निक्शा मागे पोहायचा तलाव बांधतोय. त्याची यंत्रं माझ्या टाक्यात बसणार. मारियामातेचा सण झाला की टाकं उपसायचं. तुझी वाम घेऊन जा."

निक्शा शेजारीच बसला होता. मुलगा वाईट नव्हे. "बार्बा, समुद्रात सोडा की तिला," तो म्हणाला. "नाहीतर तिच्या माहेरी नेऊन नदीत."

"चाळीस वर्षं चार भिंतींच्या अंधारात काढलीत तिनं," बार्तुल म्हणाला. "नदीत पहिल्याच संध्याकाळी बगळा उचलेल."

"मग रस्सा," मागून कोणीतरी म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बार्तुल घरोघर फिरू लागला आणि मी त्याच्याबरोबर गेले, कारण माझे काम संपले आहे असा माझा समज होता. मी लोकांना विचारले होते, 'आपण टाक्यांच्या पुनरुज्जीवनाच्या बाजूने आहात काय?' बार्तुलचा प्रश्न साधा होता. "एक वाम ठेवाल का?"

एका टाक्यात दारूचे कोठार होते, दुसऱ्यात सायकली, तिसऱ्यात योगासनांची चटई आणि मंद दिवे. खानावळवालीने बार्तुलला कॉफी दिली, पेस्ट्री दिली, मांदाच्या आठवणी काढल्या आणि टाके दिले नाही. होडीवाला म्हणाला, "बार्बा, तत्त्वतः होय!" शेवटी आम्ही माझ्या दारात आलो. त्याने खाली उतरून कपाटे पाहिली.

"पुस्तकांना पोहता येतं का, प्रोफेसरीणबाई?"

"हिवाळ्यात वर हलवणारच आहे मी, बार्बा."

"हिवाळ्यात," तो म्हणाला, आणि वर चढू लागला.

घरी जाऊन त्याने पलंग बाहेर काढला. खिडकी दगड-चुन्याने बुजवली. ज्या पाहुण्यांनी ती अस्सल दगडी खोली घेतली होती त्यांना त्याने वर आपली झोपायची खोली दिली, आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या बाकावर अंथरूण टाकले. "खोली गार नाही," तो पाहुण्यांना सांगत होता, "पण अस्सल आहे. माझी बायको इथंच वारली." पाहुण्यांनी भाडे कमी करून मागितले. मग बार्तुलने छप्पर झाडले, चुना लावला, पन्हळी साफ केल्या. सारे जसे आजोबांनी केले असते तसे झाले. फक्त आजोबांनी ते पावसाळ्याच्या तोंडावर केले असते, आणि हा ऑगस्ट होता. आभाळात एवढासाही ढग नव्हता.

मारियामातेच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी गाव प्रवाशांनी उतू जात होते. सूर्यास्ताच्या सुमारास आमच्या गल्लीतले नळ खोकले, फुसफुसले आणि बंद झाले. खिडक्यांतून निरनिराळ्या भाषांत शिव्या ऐकू येऊ लागल्या. साबणाने माखलेला एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून रस्त्यावर आला. खानावळवाली हातात न धुतलेली कालवे घेऊन ओरडत होती. कोणीतरी एका जाड नळीच्या मागाने निघाले. नळी बार्तुलच्या अंगणात जाऊन त्याच्या टाक्याच्या तोंडात उतरली होती. आत धो धो आवाज येत होता.

"बार्बा! अहो, हे काय?" होडीवाला किंचाळला. "पाणी वाचवायच्या योजनेतलं गावातलं पहिलं टाकं, आणि गल्ली कोरडी केलीत?"

बार्तुल काठावर बसला होता, बोटीच्या कठड्याशी बसावा तसा. "ओरडू नका. मी एक घर भरताना बाकीचे रांगेत उभे राहायचे. विसरलात?"

"माझी कालवं!"

"तुमच्या कालवांना चार भिंती आहेत का अंधाराच्या? नाहीत ना? मग थांबा."

"पण नळाचं पाणी?" दोब्रिला गर्दी सारून पुढे आली. "अरे येड्या, त्यात क्लोरीन आहे! आठ दिवस तरी उघडं राहायला हवं, नाहीतर मरेल ती."

"आठ कशाला? माझी आजी चार म्हणायची," बेकरीवाला म्हणाला.

"तुझ्या आजीच्या वेळी क्लोरीन कुठं होतं?"

"तळाला चुनखडीचा दगड टाका."

"दगड नव्हे, मूठभर बागेतली माती!"

"माती टाकणारे तुम्ही वरच्या आळीचे. म्हणूनच तुमच्याकडच्या पाण्याला वास यायचा."

टाक्यांविषयी इतके ज्ञान आमच्या गावात शिल्लक होते याची मला कल्पना नव्हती. माझ्या प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती. प्रत्येकाला आपल्या घरची वाम आठवली: एक पांढऱ्या पोटाची, एक पोहऱ्यातून वर येणारी, एक जी मोठ्या भावाने चिडून मारली आणि घरात महिनाभर कोणी त्याच्याशी बोलले नाही. टॉवेलवाले गृहस्थ समजल्यासारखी मान डोलावत होते. वाद चांगलाच रंगला, मीही समाजशास्त्रीय अंगाने दोन शब्द बोलले, आणि या सगळ्या काळात नळी चालूच होती. आमच्यापैकी एकालाही तोटी बंद करण्याचे सुचले नाही. टाके काठोकाठ भरून पाणी आमच्या चपलांखाली आले, तेव्हा दोब्रिला म्हणाली, "शाबास. आता रस्तापण वाचवा." आणि तिने तोटी फिरवली.

पाणी उघडे ठेवले. दगड पडला आणि मातीही पडली, कारण तडजोड करण्यात आम्ही तरबेज आहोत. निक्शाने आपणहून यंत्रे बसवणे थोडे पुढे ढकलले. मग एका सकाळी त्याने आणि दोब्रिलाने कपड्यांच्या टोपलीतून वाम कुंपणावरून दिली. ती आता मनगटाएवढी जाड होती, काळी, आणि अत्यंत नाराज. बार्तुलने टोपली दोरीने हळूहळू खाली सोडली. पाणी एकदा हलले, आणि मग काहीच हलले नाही.

दिवसामागून दिवस गेले. बार्तुल काठावर बसून माशाची डोकी टाकी. ती संध्याकाळी तशीच तरंगत असत. बेकरीत मत बदलू लागले होते. योजना मुळात घाईची होती. नळाच्या पाण्याने असेच होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते. होडीवाला आता तत्त्वतःदेखील होय म्हणत नव्हता. हा माझ्या अहवालाचा खरा निष्कर्ष ठरला असता: सुहा लुकाची हवामानविषयक भूमिका एका वामेच्या भुकेवर अवलंबून होती.

मी बार्तुलकडे गेले तेव्हा त्याने दाढी केलेली नव्हती. "चाळीस वर्षं जगली," तो म्हणाला, "आणि गावाचं भलं करायला निघालो तेव्हा मेली. मी बोटीवरच बरा होतो, बाई. तिथं माझ्या हातून कोणी बुडालं नाही."

"तुम्ही गावाचं भलं करायला निघाला नव्हतात, बार्बा."

"ते खरं," तो म्हणाला. "पण भाषण चांगलं झालं होतं."

एवढ्यात दोब्रिला आली. तिच्या हातात पोहरा होता आणि एप्रनच्या खिशात शिळ्या पावाचे तुकडे. "तिकडं आता यंत्रं गुरगुरतात," ती आमच्याकडे न पाहता म्हणाली. "सकाळी कोणी येत नाही. कपडे वाळत घालताना बोलायचं कोणाशी?" बार्तुल काही बोलायच्या आत ती काठाशी वाकली आणि पोहऱ्याच्या कडेने दगडावर टकटक केले, थांबून पुन्हा केले, आणि पाव पाण्यात सोडला.

पाण्याखालून एक काळी रेघ सरळ वर आली. पावाचा तुकडा नाहीसा झाला. मग दुसरा.

 बार्तुलने पोहरा तिच्या हातातून घेतला आणि तसेच टकटक केले. वाम खाली गेली.

"तू मासे टाकत होतास," दोब्रिला म्हणाली. "ती माझ्याकडे पाव खायला शिकली. तुझी डोकी तू गेल्यावर मी मांजराला घालायचे. विचारायचं होतंस."

"मांदापण माझं ऐकायची नाही," बार्तुल म्हणाला, आणि पोहरा परत देऊन बाकावर तिच्यासाठी जागा केली.