अंग झाडण्याची वेळ

घड्याळवाल्यांच्या बायकोने आयुष्यात त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली, आणि ती म्हणजे कुत्र्यांचे केस. मुद्दाम लपवली असंही नाही. नऊ वर्षं त्या घरात वासराएवढी दोन केसाळ कुत्री नांदत होती, थोरला काळा आणि धाकटा सोनेरी, आणि घड्याळवाल्यांची पक्की समजूत होती की आपली कुत्री केस गाळत नाहीत. कोणी विषय काढलाच तर ते ऐटीत सांगत, आमची तसली नाहीत हो, चांगल्या वाणाची आहेत. बायको तेव्हा आत भांडी पुसत असायची.

ती गेली आणि पंधरा दिवसांत घराने खरं काय ते सांगून टाकलं. आधी कोपऱ्यांत पुंजके दिसू लागले. मग केस सोफ्यावर आले, साबणाच्या वडीवर आले, चहाच्या कपात आले. कामाच्या खोलीत सकाळी ऊन तिरपं होऊन टेबलापर्यंत यायचं, आणि त्या उन्हात ते तरंगत राहायचे, काळे न् सोनेरी, कसलीच घाई नसल्यासारखे. भिंतीवर तीस घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत असायची. घड्याळवाले डोळ्याचं भिंग काढून ठेवायचे आणि बघत बसायचे. खरं तर वैतागायला हवं होतं, पण त्यांना ते आवडायचं. एखादा केस खाली येता येता मधेच थांबायचा, पुन्हा वर जायचा, आणि त्यांना वाटायचं की आता ती दारात येईल आणि म्हणेल, चहा पार गार झाला की.

ती यायची नाही. केस मात्र सावकाश उतरून कुणाच्या तरी उघड्या घड्याळात जाऊन बसायचा.

मनगटी घड्याळाच्या पोटात एक स्प्रिंग असते, कुत्र्याच्या केसाहूनही बारीक. तिच्यात केस अडकला की घड्याळ चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी थांबतं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं घड्याळ असं दोनदा परत आलं. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, तुमचं मन थाऱ्यावर नसणार, मी समजू शकते. घड्याळवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा घड्याळ बंद पडलं तर बाई येणार नाहीत, आणि हळूहळू दुसरंही कोणी येणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

मग ताई आली. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, घरातले सगळे निर्णय जिच्याकडे आपोआप जातात अशी. ती सोफ्यावर बसली, उठली, आरशात मागे वळून केसांनी भरलेली स्वतःची पाठ बघून निकाल देऊन मोकळी झाली. तिच्या यजमानांच्या मित्राची गावाबाहेर मोठी जागा होती, झाडं होती, मोकळं आवार होतं. कुत्री तिथे मजेत राहतील. रविवारी सकाळी आठला ती गाडी घेऊन येणार होती.

"काम सोडणार आहेस का?" तिने विचारलं. "नाही ना? मग झालं तर."

घड्याळवाले बरं म्हणाले. ताईला बरं म्हणायची त्यांना लहानपणापासून सवय होती. ती गेल्यावर त्यांनी वळून बघितलं. दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडले होते, एक इकडे, एक तिकडे, मधे एका माणसाला ये-जा करता येईल एवढी जागा सोडून. बायकोचं जाणं-येणं माहीत असलेले जगात आता हे दोघंच उरलेत, आणि त्यांना आपण रविवारी गाडीत घालून पाठवणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मनाशी ठरवलं. आज सोमवार. रविवारपर्यंत घर ती ठेवायची तसं ठेवता आलं तर कुत्री राहतील, नाही आलं तर जातील.

सोमवारी त्यांनी केरसुणी घेतली. पंखा चालू, खिडक्या बंद, आणि कोरड्या केरसुणीने असा काही आवेशाने केर काढला की जमिनीवरचे केस उठून फडताळावर जाऊन बसले. मंगळवारी केरसुणी ओली केली, तर केसांचे दोरखंड वळले गेले आणि केरसुणीच टाकून द्यावी लागली. संध्याकाळी ते अकरा वेळा शिंकले. धाकटा प्रत्येक शिंकेला मान वर करून बघायचा, मोजत असल्यासारखा.

बुधवारी त्यांनी हात टेकले आणि आपल्या धंद्यातली रीत धरली. बंद पडलेलं घड्याळ आलं की पहिला दिवस ते त्याला हात लावत नसत, नुसतं बघत. तसे ते मधल्या खोलीत खुर्ची टाकून घराकडे बघत बसले. पडदे जमिनीपासून वीतभर वर होते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की कापड कमी पडलं असेल. पलंगाखाली लाकडी ठोकळे होते, म्हणजे खाली हात सहज जात होता. ते तिच्या गुडघ्यांसाठी असावेत असं ते समजत होते. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला एकच रबरी हातमोजा लटकत होता, उजव्या हाताचा. त्यांनी तो ओला करून सोफ्यावरून फिरवला, आणि सगळे केस गोळा होऊन त्यांची एक वळकटी हातात आली. घड्याळवाले एकटेच मोठ्याने हसले. एकतीस वर्षं संसार केला आणि हिच्या उजव्या हाताला काय काय ठाऊक होतं ते आज कळलं, असं ते कुत्र्यांना म्हणाले.

कुत्र्यांनाही बरंच ठाऊक होतं. रोज सकाळी साडेसातला दोघं मागच्या दारावर पंजे घासायचे आणि घड्याळवाले दार उघडून परत फिरायचे. गुरुवारी ते मागोमाग गेले. थोरला दुसऱ्या पायरीवर पाठ करून बसला. धाकटा बाजूला उभा राहून आपल्या पाळीची वाट बघू लागला. दाराशी पत्र्याच्या डब्यात लोखंडी दातांची मोठी फणी होती, एक ब्रश होता आणि एक लहान लाकडी फणी होती. घड्याळवाले विंचरू लागले. पाठ झाल्यावर थोरल्याने आपणहून डावा पाय उचलला, मग उजवा, मग वळून छाती पुढे केली. कुठून कुठे जायचं हे त्याला पाठ होतं, माणसाने फक्त हात द्यायचा होता. लाकडी फणी कानांसाठी असणार असं धरून त्यांनी ती धाकट्याच्या कानांमागे फिरवली. धाकट्याने त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की ते ओशाळले, पण का ते त्यांना कळेना.

त्या दिवशी नऊ वाजता घर लख्ख झालं. आणि दहाला दोघं मधल्या खोलीत येऊन उभे राहिले, आणि नाकापासून शेपटीपर्यंत त्यांनी असं काही अंग झाडलं की फणीने सुटे झालेले सगळे केस घरभर उधळले. दुपारपर्यंत केस टेबलावर होते. शुक्रवारी तेच. घड्याळवाल्यांनी त्यांना मागच्या अंगणात ओढून बघितलं, गोंजारून बघितलं, शेवटी स्वतः अंग झाडून दाखवलं. शेजारच्या खिडकीतून कोणी बघत असेल तर बघो, त्यांना आता लाजायला सवड नव्हती. पण विंचरणं झालं की दोघं पायरीवर बसून राहायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचे. खायला मागत नव्हते, खेळायला मागत नव्हते. वाट बघत होते. अर्ध्या तासाने सुस्कारा टाकून घरात यायचे, आणि दहाला पुन्हा तेच.

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला, गाडी आठला नक्की. घड्याळवाले बरं म्हणाले आणि कुत्र्यांचं सामान बांधायला बसले. फण्या घाण द्यायच्या नाहीत म्हणून त्यांनी त्या टेबलावर घेतल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने एकेक दात साफ करू लागले. लोखंडी फणीतून काळे निघाले, सोनेरी निघाले. लाकडी फणीच्या मुळाशी एक केस घट्ट गुंडाळलेला होता. तो हलकेच ओढला तर संपेचना. सरळ होता, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अर्धा पांढरा आणि पुढे अर्धा कलपाचा तपकिरी. थोरल्याचा नव्हता आणि धाकट्याचाही नव्हता.

त्यांनी तो उन्हात धरला. भिंतीवरची तीस घड्याळं चालूच होती, पण त्यांना ती बराच वेळ ऐकू आली नाहीत. एकतीस वर्षांत तिचा एक केससुद्धा या टेबलावर कधी पडला नव्हता. आपल्याला हेही कधी दिसलं नाही याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी भिंग काढून डोळे मिटून घेतले.

रविवारी साडेसातला त्यांनी आधी थोरल्याला विंचरलं, मग धाकट्याला. दोघं बसून वाट बघू लागले. घड्याळवाले त्यांच्या मधे पायरीवर बसले आणि त्यांनी लाकडी फणी उचलली. त्यांच्या डोक्यावर वीस वर्षं काही उगवलं नव्हतं, कानांवर काय ती दोन पट्ट्यांची शिल्लक होती. तरी त्यांनी फणी कपाळापासून मानेपर्यंत नेली, आणि मग खांद्यावरून खाली, पार कमरेपर्यंत, सावकाश, गुंता ओढला जाऊ नये अशी. घराच्या पुढच्या बाजूने गाडी थांबल्याचा आवाज आला. ताई उघड्या घरातून थेट मागच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली. ते थांबले नाहीत. दोन्ही हात मानेमागे नेऊन त्यांनी नसलेल्या केसांचा अंबाडा घातला, तो एकदा चाचपला आणि ते उठले.

थोरला उठला. धाकटा उठला. दोघं अंगणाच्या मधोमध गेले आणि त्यांनी अंग झाडलं. काळे-सोनेरी केस उन्हात उंच गेले, थोडा वेळ तिथेच तरंगले आणि भिंतीवरून पलीकडे निघून गेले. मग दोघं शांतपणे येऊन घरात शिरले, ताईच्या एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक.

घड्याळवाले रडत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ताई पायरीवर बसली. तिने विचारलं, "गाडीवाल्याला काय सांगू रे?"

"सांग," ते म्हणाले, "आम्हां तिघांना रोज साडेसातला इथे बसायचं असतं."