कनातीआडचं तळं

पाण्यात उतरण्याआधी ती भोईण पाण्यावर तळहाताने थाप मारायची, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. "सरक माय जराशी, आले मी," म्हणायची.

आमच्या घरी पाण्याशी असं लाडानं कुणी बोलत नसे. वडील गेलेले. आई कापसाच्या जिनात निवडायला जायची. दिवसाला दोन घागरी पाणी. मी तोंड धुतलेल्या पाण्यात आई भांडी विसळायची. पाणी खेळायलाही असतं, हे मला परभणीच्या सरकारी बागेत कळलं.

बाग लहानशी, मधोमध तळं. राज्य निजामाचं, सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. त्या दिवशी दुपारनंतर बागेभोवती कापडाची कनात लागायची अन् आत फक्त बायका, जनाना. वकिलीणबाई, बुरखे उतरवलेल्या बेगमा, जिनातल्या बाया, सगळ्या एकाच गवतावर. राखणीला ही भोईण. तिच्या घरचा धंदा तळ्यात शिंगाडे लावण्याचा. पोरींच्या पाठीला सुका भोपळा बांधून ती त्यांना पोहायला शिकवायची.

आई काठावर पाण्यात पाय सोडून बसायची. आईला नुसतं बसलेलं मी फक्त तिथंच पाहिलं.

"अक्का, या की आत," भोईण तिला म्हणायची.

"मला लय भ्या वाटतंय गं."

"वाटू द्या. ते बी भिजंल की!"

एका जुम्म्याला एका पोरीचा भोपळा सुटला. भोईणीनं तिला झिंज्या धरून वर काढलं. पोरगी ठणठणीत, पण किंकाळी कनातीबाहेर गेली. बागेचा दरोगा बाहेरून ओरडला, "कल कोई डूबी तो जवाब कौन देता? अगले जुम्मे से जनाना बंद!"

आईनं पाण्यातून पाय काढून घेतले.

"सरकार, मी हाय की हितं!" भोईण ओरडली.

"तेरेकू तैरना आता, मैं कैसा मानूँ?"

"आत येऊन बघा!"

"तौबा!"

बाया फिदीफिदी हसल्या. ती हसली नाही. तळ्याच्या मध्यात चबुतरा होता, त्यावर उंच खांबाला कंदील. होडी दुरुस्तीला गेल्यापासून तो लागला नव्हता.

"कंदील तर भाईरून दिसतो न्हवं? मी लावून आले तर?"

जरा वेळानं कनातीखालून काडेपेटी आत सरकली.

तुम्ही तिथं असायला हवं होतं. काडेपेटी तिनं अंबाड्यात खोवली, कासोटा आवळला अन् निघाली. डोक्यावर भरली घागर असावी तशी मान ताठ. लाट नाही, आवाज नाही. चबुतऱ्यावर पोचून ओले हात कोरड्या केसांना पुसले, खांबाच्या खुंट्यांवर पाय देत चढली. पहिली काडी विझली. दुसरीही. एवढ्या बायका, पण एकीची बांगडी वाजली नाही. तिसऱ्या काडीला वात पेटली.

कंदिलाचा उजेड कनातीबाहेर पडला. मग दरोगा म्हणाला, "जनाना चलेगा."

मी पुढे हैदराबादला बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली. मोठमोठे विद्वान ऐकले. पण श्वास रोखून बघत राहिले ते त्या एका संध्याकाळी. पुढे राज्य बदललं, कनात गेली. ती कुठं गेली, विचारलं तर कुणाला सांगता येईना.

कंदील लागला त्याच्या पुढच्याच जुम्म्याला आईनं स्वतः भोपळा मागून घेतला. त्या उन्हाळ्यात ती चबुतऱ्यापर्यंत पोहत गेली आणि परत आली.