पंचनाम्यासाठी राखलेली भिंत

गंगाखेडला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. सत्तरच्या दशकात एका भादव्यात ती आमच्या वस्तीत शिरली आणि जाताना घराची नदीकडची भिंत घेऊन गेली. माणसं तेवढी वाचली. चिखल वाळायच्या आत सरकारी जीप भोंग्यावर सांगत फिरली. ज्यांची घरं पडली त्यांना रेल्वेच्या रुळापलीकडं उंचावर जागा मिळणार, वर पत्रे मिळणार. साहेब पंचनाम्याला येईपर्यंत मात्र पडझड जशीच्या तशी ठेवायची. डागडुजी केलेलं घर योजनेत धरणार नाहीत.

झालं! त्या दिवसापासून आमची गल्ली पडक्या भिंतींची राखण करू लागली. ढिगाऱ्यावर शेळी चढली तरी बायका धावून जायच्या. शेजारच्या काकांची भिंत निम्मी उभी होती, ती त्यांनी स्वतःच खांदा लावून पाडली, साहेबांच्या मनात शंका राहायला नको म्हणून. आम्ही पोरी हसून हसून लोळलो होतो. आज ते आठवलं की हसू येत नाही, डोकं फिरतं.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या लोकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गावातली खालची, पाणी शिरणारी जागाच आलेली. तीत जन्मलेला माणूस शिकला आणि मास्तर झाला, म्हणून सरकारच्या शब्दावर त्यांचा फार जीव. सुटीच्या दिवशी ते मला रुळापलीकडच्या माळावर घेऊन जायचे आणि आपलं दार कुठं असेल ते दाखवायचे. तिथं नुसती कुसळं होती.

दिवाळी गेली तरी साहेब आले नाहीत. वडील कचेरीत खेपा घालत राहिले. कधी जीप दुरुस्तीला गेलेली असायची, कधी साहेबांची बदली झालेली असायची, मग नवे साहेब रुजू व्हायचे राहिलेले असायचे. भिंतीच्या जागी आम्ही गोणपाटं शिवून टांगली होती. गंगेवरचं वारं त्यांना जुमानत नव्हतं.

त्यात ताई आली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, सासरच्यांनी तिला रीतीप्रमाणं आणून सोडलं. तिला बघून मायनं पदर खोचला.

"मी आजच चिखल तुडवते. लेकरू काय उघड्यावर जन्मू द्यायचं?"

"जरा दम धर," वडील म्हणाले. "साहेब येत्या आठवड्यात यायलेत. आता भिंत घातली तर इतके दिवस थांबलेलं समदं वाया जाईल."

"तुमचा आठवडा संपायला तर पायजे!"

पण ती थांबली. वडिलांचा शब्द मोडायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि उंचावरचं घर तिलाही हवं होतं.

पौषातल्या कडाक्यात ताईला मुलगा झाला. गोरा, नाकेला, मुठी घट्ट आवळलेला. बाजेखाली शेगडी ठेवली, घरातली सगळी लुगडी आणि वाकळा गोणपाटांवर टांगल्या. तरी वारं आत यायचंच. बाळाची छाती भरली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतका गारठा कसा लागू दिला?"  येताना पोर वडिलांच्याच हातात होतं, धोतराच्या पानात गुंडाळलेलं.

माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मायनं अंगणात माती ओतली, भुसा टाकला आणि तुडवायला लागली. सगळी गल्ली बघत होती. पंचनाम्याचं नाव कुणी काढलं नाही. वडिलांनी शाळेत निरोप धाडला आणि ते विहिरीवरून पाणी आणून ओतत राहिले. ताई बाजेवरून एकटक बघत होती. भिंत छपराला भिडली आणि घरातलं वारं थांबलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

साहेब आले ते उन्हं तापायला लागल्यावर. नवे होते, वागायला वाईट नव्हते. पडकी घरं बघत बघत आमच्या दाराशी थांबले. काकांनी वडिलांचा हात ओढला, कानाशी लागले, "मास्तर, सांगा की भिंत पडली होती म्हणून. आमी समदे साक्षीला हाव." माय उंबऱ्यात उभी होती. तिनं वडिलांकडं पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला.

"मास्तर, तुमचं घर तर धड आहे. पुरात काही गेलं का?"

वडील रुळापलीकडच्या माळाकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई साहेब. पुरात काही न्हाई गेलं."