सीरियसची तार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगायलोय — कळत नाही. सांगतो झालं.

‘सीरियस’ हा शब्द आमच्याकडं सगळ्यांना येत होता. सही न येणाऱ्यालाही. पण अर्थ? मास्तर म्हणायचे, पोरगं सीरियस नाही — म्हणजे उनाड. तारेत ‘फादर सीरियस’ आलं की माणूस गेलाच असं धरून बाया रडायला लागत. गेला असं सरळ कोण लिहितंय? अन् पोराला नुसतं घरी बोलवायचं असलं तरी तोच शब्द! माझा रूम पार्टनर दिगू, चुडाव्याचा. एका वर्षी ‘मदर सीरियस’ वाचून रडत गावी गेला, तर आई पुरणपोळ्या लाटायलेली अन् ओसरीवर पोरीकडचे पाहुणे. लय चिडवलं आम्ही त्याला.

पुढच्या साली परभणीत कॉलेजची कबड्डीची फायनल होती. नामांतराच्या बंदापायी दोनदा पुढं ढकललेली. दिगूशिवाय आमची टीम म्हणजे शून्य, अन् कॅप्टन मी. आदल्या दिवशी सकाळी त्याच्या नावानं तार आली — ‘फादर सीरियस’. दिगू मैदानावर होता. तार मी घेतली — अन् खिशात घातली.

काय समजलो होतो मी? पुन्हा पोरगी दाखवायची असंल — असं? की गेलेच असतील, आता पळून काय उपयोग — असं? दोन्ही समजलो बहुतेक. एकाच डोक्यात दोन्ही कसं बसलं? की मला फक्त फायनल दिसत होती? देवाशप्पथ, आजही उलगडत नाही. वडील आजारी आहेत, जिवंत आहेत, वाट बघायलेत — हा साधा अर्थ मात्र मी मनात येऊच दिला नाही.

जिंकलो. मग संध्याकाळी तार दिगूच्या हातात दिली. “आत्ताच आली,” म्हणालो. तो पोचला तेव्हा चुलत्यानं अग्नी दिलेला, लोक परत आलेले.

तेरावं झाल्यावर मी चुडाव्याला गेलो. दिगूच्या आईनं जवळ बसवून घेतलं, चहा दिला. “दोन दिस सुदीत व्हते बाबा,” ती म्हणाली. “टेशनात गाडी वाजली की इचारायचे — दिगू आला का गं?”

दिगू समोरच बसला होता. मी चहाचा घोट घेतला, अन् म्हणालो — “तारवाल्यांनी घात केला, माय.”