प्रत्येक पानाखाली बाबांची सही

चंद्रशेखर सामंत वाईट माणूस नव्हे हो. पोरीवर जीव टाकणारा बाप. पण हट्टी! बोटीवर इंजिनिअर असताना एकेक उत्तर दहा-दहा वेळा लिहून त्याने परीक्षा काढल्या, म्हणून साऱ्या जगाने तसंच शिकायचं. आता सिंगापूरला, जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये नोकरी, चोआ चू कांगला फ्लॅट, आणि घरात तोच कायदा.

लेक अनुया ओ-लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला. तिची तऱ्हाच वेगळी. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन तो आईला शिकवायचा. नीता कणीक मळता मळता मुद्दाम विचारायची, "हे असं का गं?" अडली की पोरगी पुस्तकाकडे धावायची. तिला टीचर व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

"तोंडाची वाफ दवडू नकोस. लिही," चंद्रशेखर म्हणाला.

वर्षभर लिहिलं बिचारीने. कंपनीच्या बसमधून उतरून हा घरी आला, की हातपाय धुवायच्या आधी वही मागायचा, पानं मोजायचा, खाली सही ठोकायचा. स्वयंपाकघर गप्प झालं. पोरगी मार्गाला लागली, असं त्याला वाटलं.

निकाल लागला. केमिस्ट्रीत नापास. बापाच्या रोजच्या कामातल्या विषयात!

तणतणत तो वह्या काढून बसला, आणि पहिल्यांदाच त्या वाचल्या. मोल काढायचं सूत्र उलटं लिहिलेलं. वरचं खाली, खालचं वर. एकदा नव्हे, दहा वेळा. पुढच्या पानावर परत दहा वेळा. आणि प्रत्येक पानाखाली त्याची झोकदार सही. एकदा, फक्त एकदा तिने ते त्याला तोंडाने सांगितलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे चूक पकडली असती. अरे देवा! ढसाढसा रडला तो.

"अनु, चुकलो गं मी," तो म्हणाला. "परत परीक्षा देऊ. आता मला शिकव. तू बोल, मी ऐकतो."

ती रुसली नाही, भांडली नाही. शहाण्यासारखी समोर बसली. पुस्तक मिटलं. ओठ हलले, परत मिटले. पिठाच्या हातांनी नीता दारात उभी होती. "बोल ना गं," ती म्हणाली.

"सॉरी, बाबा," अनुया हळूच म्हणाली. "बोलायला गेलं की काही येतच नाही आता."

तिने पेन उचललं.

"लिहून दाखवू?"