काम कुणाचं, पाठवलं कुणी

हे मी प्रसादलासुद्धा सांगितलेलं नाही. प्रसाद म्हणजे माझा नवरा — ज्याला माझ्या बीपीच्या गोळ्यांपासून माहेरच्या भानगडींपर्यंत सगळं ठाऊक असतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवालाही नाही. देवापुढे मी हात जोडते आणि भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला लिहून सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मध्येच मी उठून चहा ठेवायला निघाले तर जाऊ देऊ नका. मी अशीच निसटते.

गेल्या आठवड्यात आमच्या सईने लॅपटॉप माझ्यापुढे धरला. कॉलेजच्या कुठल्याशा अर्जात तिला आईबद्दल लिहायचं होतं. "ममा, ते मराठी टायपिंगचं — यू फिक्स्ड इट, राइट? युअर नेम इज देअर." नाव आहे खरं. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "आधी जेवून घे, वरण गार होतंय." बास, एवढंच म्हटलं! तेव्हापासून मी घरात नुसती येरझारा घालतेय. दुबईहून दीड तासावरच्या अल ऐनचं हे घर मोठं आहे, फेऱ्या मारायला जागा भरपूर.

तर — मंदी आली ते दिवस. आम्ही तेव्हा दुबईत होतो. प्रसाद साइट इंजिनीअर, आणि साइटवरच्या क्रेन एकेक करून थांबत चाललेल्या. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा फ्रिज असायचा — चालले सामान विकून. मी सईसाठी नोकरी सोडून घरी बसलेली, प्रोग्रामिंग विसरत चाललेली. रिकामं बसवत नव्हतं हो. डोक्यात सारखं एकच — प्रसादची नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात बाडबिस्तरा उचला.

डोकं कशात तरी अडकवायचं म्हणून मी तो उद्योग काढला. पत्रं-बित्रं टाइप करायचं एक मोफत सॉफ्टवेअर होतं. इंग्रजीत झकास, पण मराठीत त्याची पार वाट लागायची. ओळ संपत आली की शब्द भलत्याच जागी तुटायचा — अक्षर वर, त्याचा काना खाली. मी पाच-पन्नास लोकांना मेल टाकले: या, दोन दिवस सगळ्यांनी आपापल्या घरून ऑनलाइन बसू, हे दुरुस्त करून टाकू. फुकटचं काम, पण आपल्या भाषेचं. आमच्याकडे तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे पुण्याची मंडळी कुरकुरली. "शुक्रवारी आम्हाला ऑफिस असतं हो, मॅडम!" तरी बसली बिचारी, बॉसची नजर चुकवून.

एक नियम मी स्वतः केला होता. लक्षात ठेवा, स्वतः. ज्यांना सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर थेट काम चढवता येत नाही, त्यांनी ते मला मेल करावं, मी माझ्या खात्यातून चढवीन. पण खात्यातून चढवलं की नोंदीत आपोआप माझं नाव पडतं. म्हणून प्रत्येक नोंदीखाली एक ओळ लिहायचीच — काम कुणाचं, पाठवलं कुणी; पाठवलं म्हणजे पुढे चढवलं. किती ऐटीत लिहिलं होतं मी ते! ठळक अक्षरांत.

असं मेलने काम पाठवणारे एकच निघाले. इकबालभाई.

इकबालभाई रत्नागिरीकडचे, दुबईतल्याच अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. शिक्षण आयटीआयचं, कोडिंग स्वतःचं स्वतः शिकलेले. गोदामाच्या कॉम्प्युटरवर मेलशिवाय बाकी सगळं बंद असायचं, म्हणून ही सोय. शुक्रवारी दुपारी मेलवरच लिहिलं, "ताई, जुम्म्याला जाऊन येतो," आणि परत आले ते "यल्ला, सुरू" म्हणून हजर. त्यांची बायको शबाना गावी मराठी शाळेत शिकवायची. तिच्या प्रश्नपत्रिका ह्याच सॉफ्टवेअरवर व्हायच्या आणि छापून आल्या की प्रश्नांचे तुकडे पडलेले. पोरं हसतात तिला, म्हणाले. म्हणून हा माणूस सुट्टीच्या दिवशी पत्र्याच्या गोदामात बसला होता.

आणि ओळ तुटण्याचं ते कोडं त्यांनी सोडवलं. पुण्याच्या आयटीवाल्यांना जमलं नाही, मला तर नाहीच नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांचा मेल आला, मी चालवून बघितलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. काना जागेवर! मी ते चढवलं.

खालची ओळ लिहायची राहिली. आता तुम्ही म्हणाल, घाईत राहिली असेल. हो, घाईतच राहिली. तेवढ्यापुरती मी निर्दोष आहे — पाच मिनिटं, फार तर दहा. मग माझ्या लक्षात आलं. खाली टीप जोडता येत होती. मी ती लिहायला घेणार, तोवर त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य लोकांपैकी एकाकडून सगळ्यांसमोर कौतुक आलं — माझ्या नावाने. पाठोपाठ पुण्याचे, नागपूरचे, सगळे. वा मॅडम, कमाल मॅडम. कितीतरी वर्षांत मला कुणी कशाबद्दल वा म्हटलं नव्हतं. गोड लागलं. म्हटलं, आजच्या दिवस असू दे, उद्या करू.

उद्या प्रसादला नोटीस मिळाली.

मग आभारांची यादी मी लिहिली. इकबालभाईंचं नाव घातलं मी, अगदीच वगळलं नाही — 'चाचणीसाठी मदत' ह्या सदरात. केवढं औदार्य! त्यांनी यादी बघून फोन केला. वाटलं, आता जाब विचारणार. पण ते हसत होते. "ताई, टेस्टिंगमध्ये टाकलंत होय मला? चालेल हो, नाव आलं ना. शबानाला प्रिंट काढून पाठवतो." मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "अहो, गडबडीत झालं, करते दुरुस्त." आणि केलं नाही.

कारण तोवर मला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. भाषांचंच सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी. त्यांनी लॅपटॉपवर तीच नोंद उघडून विचारलं, हे तुम्ही केलंत? घरी प्रसाद खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसला होता. सई विचारत होती, "आर वी गोइंग टू इंडिया फॉर गुड?" मी हो म्हटलं. केलं, म्हटलं. नोकरी मिळाली, माझा व्हिसा झाला, खोकी परत उघडली. प्रसादने सोसायटीभर पेढे वाटले.

इथवर जे सांगितलं ते वाईटच आहे, नाही का? पण हे मी मनातल्या मनात शंभरदा कबूल केलंय. पोरीसाठी केलं, घरासाठी केलं, असं म्हणून त्यावर पांघरूणही घातलंय. सांगायचं आहे ते पुढचं. तिथे पांघरूण पुरत नाही.

दोन महिन्यांनी अल क्वोजचं ते गोदाम बंद झालं. खलास. इकबालभाईंच्या हातात महिनाही नव्हता. त्यांनी अर्ज कुठे करावा? माझ्याच कंपनीत. अनुभव म्हणून ते एकच काम लिहिलेलं, आणि ओळखीसाठी, रेफरन्स म्हणून, नाव कुणाचं — माझं. केवढा विश्वास बघा. मला पाठवलेला मेल त्यांच्याजवळ होता. तारीख, वेळ, सगळा पुरावा. जोडला नाही त्यांनी. ताई आहेत ना तिथे, ताई सांगतील.

मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला, हातात तो कागद. हा म्हणतो हे त्याने केलंय, कोण हा? मी स्क्रीनवरून मानही न वळवता म्हटलं, "ही वॉज इन टेस्टिंग." मॅनेजरने खांदे उडवले आणि कागद माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

दोन दिवसांनी इकबालभाईंचा फोन. फुजैऱ्याला बंदराजवळ एका स्टोअरमध्ये जागा निघाली होती. गुरुवारपर्यंत हो म्हणायचं होतं. "पण ताई, मन होत नाही. परत गोदामच ना? तुमच्या ऑफिसचं काही कळलं का? थांबू का जरा?"

त्यांचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मला फक्त 'नका थांबू' म्हणायचं होतं. फुजैऱ्याची घ्या, म्हणायचं होतं. माझं नाव, माझी नोकरी, कशालाही धक्का लागला नसता. पण ते विचारतील, का? मग मी काय सांगू? त्या एका 'का'ला मी घाबरले. एवढीच माझी हिंमत.

मी म्हटलं, "थांबा की. बघूया, इन्शाल्ला होईल."

"तुम्ही म्हणताय तर थांबतो," म्हणाले. आणि थांबले. गुरुवार गेला. फुजैऱ्याची जागा दुसऱ्याने घेतली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी मला तीनदा फोन केला. मी एकदा उचलला, मीटिंगमध्ये आहे म्हटलं. नव्हते. समोर फोन वाजत होता आणि मी तो उलटा करून ठेवत होते. प्रसादने घरी विचारलं, "ते तुझे रत्नागिरीचे इकबालभाई, काय झालं त्यांचं?" मी म्हटलं, "लागले बहुतेक कुठेतरी."

ते परत गेले. जायच्या दिवशी एक मेल आला, तो अजून आहे. शबानाच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका नीट छापून आल्या, एकही शब्द तुटला नाही, मुख्याध्यापकांनी विचारलं हे कुणी केलं. खाली लिहिलं होतं — ताई, तुम्ही माझ्यासाठी प्रयत्न केलात, विसरणार नाही.

त्यांना कळलं होतं का? टोमणा होता तो? की खरंच? मी त्या ओळीला किती वेळा उलटंपालटं करून बघितलंय. टोमणा असता तर बरं झालं असतं. नाहीये. तो माणूस तसा बोलतच नव्हता. मी उत्तर दिलं नाही. पुढे ते कुठे लागले, लागले की नाही, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

सईचा अर्ज अजून गेलेला नाही, रकाना रिकामा ठेवलाय तिने. आज संध्याकाळी ती खाली आली की तिला हेच वाचायला देणार आहे, प्रसादलाही. मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे, पण एवढं वाचेल. त्या नोंदीखालची जागाही अजून रिकामी आहे. तिथे जी ओळ जायला हवी होती, ती अशी:

काम — इकबालभाईंचं, अल क्वोजच्या गोदामातून. पाठवलं — मी.